मोघे काही केल्या हरवेनात

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन पावसाळ्याच्या तोंडावर येतो, आणि तो हमखास दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना येतो. यंदा त्यांना रहस्यकादंबरी हवी होती. छोटेखानी, चाळीसेक पानांची.

"खून घालू एखादा?" मी हुशारीत विचारलं.

"खून नको. मसालेवाल्यांची रंगीत पानभर जाहिरात आहे, ती नेमकी कादंबरीच्या समोर येते. इकडे तिखट आणि तिकडे रक्त, बरं दिसत नाही."

"मग दरोडा?"

"मलपृष्ठ सराफांनी घेतलंय."

"विषप्रयोग?"

"अहो, फराळाच्या पाककृती आहेत त्याच अंकात!" संपादक कळवळले. "तुम्ही असं करा, एक माणूस बेपत्ता करा. स्वच्छ काम. जाहिरातदारांची तक्रार नाही, आणि शेवटी सापडला की दिवाळी गोड."

माणूस बेपत्ता करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला त्या घटकेला वाटलं. कारण आमची पिढी वाढलीच मुळी बाबुराव अर्नाळकरांवर. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी आम्हाला सख्ख्या काकांपेक्षा जवळची होती. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजारी ओलांडली. सुहास शिरवळकरांच्या अमर विश्वासने कोर्टात साक्षीदाराला घाम फोडला की आम्हालाही फुटायचा. ही पुस्तकं वाचनालयातून भाड्याने यायची. आम्ही ती भूगोलात घालून वाचायचो आणि आई पोळ्या लाटताना पिठाच्या डब्याला टेकवून वाचायची. त्या काळातल्या कित्येक पोळ्यांचे नकाशे झाले ते खलनायक भुयारात शिरला म्हणून. भूगोलाचा आमच्या घराशी आलेला संबंध तेवढाच. एवढा वारसा असताना एक मध्यमवयीन गृहस्थ गायब करणं ते काय?

गृहस्थ मी लगेच ठरवला. दत्तात्रय मोघे, वय ५२, राहणार डोंबिवली पूर्व, नोकरी फोर्टातल्या एका कचेरीत. त्यांना शोधायला डिटेक्टिव्ह धुरंधर. उंच, सडपातळ, डोळे भेदक, तोंडात पाइप. पहिलं वाक्यही झकास उतरलं : 'त्या दिवशी सकाळी मोघे घरातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत.' मी ते स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून घरादाराला वाचून दाखवलं.

"डबा नेला होता?" बायकोने विचारलं.

"कोणी?"

"मोघ्यांनी."

"अगं, माणूस नाहीसा झालाय! डब्याचं काय घेऊन बसलीस?"

"म्हणजे नेला होता. मग त्या बाईने दुसऱ्या दिवशी भाजी कशात द्यायची?"

मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी भाजी द्यायचा प्रश्नच येत नाही, कारण मोघे बेपत्ता आहेत. ती म्हणाली, तेच तर. भाजी केली की नाही हे आदल्या रात्रीच ठरतं, आणि मोघे डबा घेऊन परत आले नाहीत हे त्या बाईला घासायला भांडी मोजताना कळलंच असणार. म्हणजे रात्री साडेनऊला बोंब झाली. तुमचा तो धुरंधर तर तिसऱ्या दिवशी उगवतो. तोवर त्या बाईने काय केलं?

आई आतून म्हणाली, "ती माहेरची कोण?"

"कोण?"

"मोघ्यांची बायको. कुठल्या घरातली आहे कळलं की तिने काय केलं ते आपोआप कळेल."

हा प्रश्न मी सोडून दिला, पण डब्यापाठोपाठ लोकलचा डबा आलाच. डोंबिवलीचा माणूस फोर्टात जातो म्हणजे सकाळच्या फास्टला ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या दारातून चढतो आणि ठरलेल्या ग्रुपमध्ये उभा राहतो. एक दिवस मोघे तिथे दिसले नाहीत की ठाण्याला शंका, घाटकोपरला फोन आणि दादरला निदान. कोणी म्हणणार शुगर वाढली, कोणी म्हणणार व्हीआरएस घेतली आणि बोलला नाही, लबाड! भायखळा जाईपर्यंत एकाने मोघ्यांच्या मेहुण्याला गाठलेलं असतं आणि दुसऱ्याने मोघ्यांची बसायची पाळी स्वतःच्या नावावर करून घेतलेली असते. धुरंधरला पाइप पेटवायला उसंत कुठली?

एवढ्यात फरशी पुसता पुसता मावशींनी मान वर केली. आमच्याकडे काम करतात त्या. इमारतीतली आणखी पाच घरंही त्यांच्याकडेच आहेत.

"मोघेसाहेब ना? ते कुठे जातायत! बहिणीकडे गेले असतील पुण्याला."

"मावशी, तुम्हाला काय माहीत?"

"वहिनींशी बोलणं नसेल ना. नाहीतर माणूस कामाच्या दिवशी कशाला जाईल?"

त्यांनी फडका पिळला आणि त्या बाल्कनीकडे सरकल्या. मोघ्यांचं घरात भांडण झालं होतं आणि ते पुण्याला बहिणीकडे दडून बसले होते, हेच माझ्या कादंबरीचं रहस्य होतं. तिथवर पोचायला मी धुरंधरला अठरा पानं, एक पाठलाग आणि सिगारेटचं एक थोटूक दिलं होतं.

आपल्या मातीत काम जमत नाही असं दिसलं की मराठी लेखक विलायतेकडे बघतो. ही परंपरा जुनी आहे. गो. ना. दातारांनी इंग्रजीतल्या रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या मराठीत आणून आपल्या आजोबांची झोप उडवली होती. मी तर कादंबरीपेक्षाही पक्का माल निवडला : खुद्द रहस्यकादंबऱ्या लिहिणारी बाई बेपत्ता झाल्याची खरी घटना. अगाथा ख्रिस्ती. रात्रीच्या जेवणाला मी ती सगळ्यांना सांगायला घेतली.

३ डिसेंबर १९२६, शुक्रवारची रात्र. बाई तेव्हा ३६ वर्षांच्या. रॉजर अॅक्रॉइडच्या खुनाची त्यांची गाजलेली कादंबरी त्याच वर्षी आलेली. नवऱ्याचं, म्हणजे कर्नल आर्ची ख्रिस्तींचं मन नॅन्सी नील नावाच्या तरुणीवर बसलेलं आणि त्यांनी घटस्फोट मागितलेला. त्या रात्री बाई बर्कशायरमधल्या आपल्या घरातून मोटार काढून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सापडली सरे परगण्यात, न्यूलँड्स कॉर्नरपाशी उतारावर. आत फरचा कोट आणि लायसन्स. बाई नाहीत.

"डिसेंबरात कोट टाकून गेली?" आई म्हणाली. "सर्दी झाली असेल."

पुढे इंग्लंडात एकच हलकल्लोळ. हजारो लोक रानं धुंडाळायला निघाले, कुत्री सोडली, तळी उपसली, वरून विमानं फिरवली. सरेच्या पोलिसांचा ठाम ग्रह की बाई मेल्या आहेत आणि इथेच कुठेतरी आहेत. डोरोथी सेयर्स ही दुसरी रहस्यकथालेखिका जागेवर जाऊन पाहून आली. आणि शेरलॉक होम्सचे जन्मदाते सर आर्थर कॉनन डॉईल यांनी काय केलं असेल? भिंग काढलं? पावलांचे ठसे मोजले? त्यांनी बाईंचा एक हातमोजा मिळवला आणि परलोकाशी संधान असलेल्या एका गृहस्थाच्या हातात नेऊन दिला!

"बघा," आईने विजयी मुद्रेने पोळी मोडली. "आणि मी कौल लावूया म्हटलं की तुम्ही हसता."

खरी मेख पुढेच होती. जाण्याआधी बाईंनी आपल्या दिराला पत्र टाकलं होतं की मी यॉर्कशायरमध्ये आरोग्यस्नानाच्या गावी चालले आहे. म्हणजे पत्त्यासकट सांगून गेलेली बाई सारा देश तळ्यात शोधत होता.

बायकोने घास खाली ठेवला. "दिराला सांगून गेली आणि घरात पत्ता नाही? आमच्या भावजींना सांगितलं असतं, तर मी मोटार फाटकातून काढायच्या आत नाशिकला कळलं असतं. आणि नाशिकला कळलं की अमेरिकेत."

हे खोटं नाही. माझा धाकटा भाऊ निरोप पोचवण्याच्या बाबतीत फार विश्वासू आहे. गुप्त निरोप तर तो आधी पोचवतो.

बाई होत्या हॅरोगेटमध्ये, स्वॉन हायड्रोपॅथिक नावाच्या झकपक हॉटेलात. वहीत नाव लिहिलं होतं श्रीमती तेरेसा नील, केपटाउन. नील! नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव!

"हुशार बाई," बायको म्हणाली, आणि तिने माझ्या पानात न मागता आमटी वाढली. तिच्या मनात काय चाललं होतं हे धुरंधरलाही सांगता आलं नसतं.

तिथे बाई पत्ते खेळत होत्या, नाचत होत्या, आणि रोजच्या पेपरात आपण कशा सापडत नाही याच्या बातम्या वाचत होत्या. मध्येच त्यांनी 'टाइम्स'मध्ये जाहिरात दिली की दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या तेरेसा नीलच्या मित्रांनी आणि नातेवाइकांनी संपर्क साधावा. हरवलेल्या बाईने हरवलेल्या नातेवाइकांसाठी जाहिरात! शेवटी हॉटेलात वाद्यं वाजवणाऱ्या मंडळींनी त्यांना ओळखलं आणि पोलिसांना कळवलं. १४ डिसेंबरला नवरा तिथे धावत पोचला, तर बाईंनी निरोप पाठवला म्हणतात, की जेवणाच्या वेळचे कपडे बदलते आहे, खाली थांबायला सांगा.

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "अकरा दिवस लावले त्याने. अर्धा तास थांबायला काय झालं?"

घरच्यांनी जाहीर केलं की बाईंची स्मृती गेली होती. त्यावर तेव्हाही फारसा कोणाचा विश्वास बसला नव्हता. पुढे बाईंचं चांगलं जाडजूड आत्मचरित्र निघालं, त्यात या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भानगडी शेवटच्या प्रकरणात उलगडून दाखवणाऱ्या बाईने स्वतःच्या भानगडीचं शेवटचं प्रकरण लिहिलंच नाही. मला हे फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी मी मोघ्यांना उचललं आणि पुण्याऐवजी महाबळेश्वरला एका लॉजवर पाठवून दिलं. नाव बदलून. विनायक जोशी.

"आधार कार्ड?" माझी मुलगी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली.

"काय?"

"बाबा, आधारशिवाय रूम देत नाहीत. दोन्ही बाजूंची झेरॉक्स लागते."

केपटाउनच्या तेरेसा नीलला हे सोसावं लागलं नव्हतं. मी लॉज रद्द करून मोघ्यांना कोकणात एका घरगुती खानावळीत उतरवलं, जिथे कागद मागत नाहीत. पण जिथे कागद मागत नाहीत तिथे कुळी विचारतात. खानावळीचे मालक ताट मांडता मांडता म्हणाले, "जोशी? कुठले जोशी?" मोघ्यांनी घाबरून तोंडाला आलं ते गाव सांगितलं. "अरे वा! म्हणजे ते सायकलवरून पडलेले नाना तुमचे कोण?" आता नानांना नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर सुतक निघायची भीती. मोघ्यांनी मान अशी हलवली की तिचा काहीही अर्थ व्हावा. मालकांनी तिचा अर्थ 'पुतण्या' असा घेतला. सोलकढी वाढून होईपर्यंत मोघे त्यांच्या मावसबहिणीच्या सासरचे निघाले, आणि रात्री मालकीणबाईंनी बहिणीला फोन लावला की तुमच्याकडचे विनायकराव आलेत, जरा बारीक वाटतात. खोटं नाव सांगून मोघ्यांचा तोटाच झाला. खरं सांगितलं असतं तर निदान आपल्याच नातेवाइकांच्या हाती लागले असते.

"आणि तिथवर गेले कसे?" मुलीने विचारलं.

"एसटीने."

"तिकीट यूपीआयने काढलं असणार. खातं जॉइंट आहे का?"

मोघ्यांचं खातं जॉइंट नसेल अशी कल्पना करायचं धाडस, तिची आई शेजारी बसलेली असताना, मी करू शकलो नाही. म्हणजे मोघे बसमध्ये चढले की बायकोला मेसेज, स्टँडवर चहा घेतला की मेसेज, चहाबरोबर वडा घेतला तर मेसेजपाठोपाठ फोनच, की डॉक्टरांनी काय सांगितलंय. धुरंधरने फक्त त्या माउलीचा मोबाइल मागून घ्यायचा.

"बरं, मोघे मोबाइल घरी विसरून गेले," मी म्हटलं.

"मग तासाभरात परत येतील," बायको म्हणाली. "मोबाइल घ्यायला."

एक मात्र कबूल करायला हवं. मोबाइल बंद ठेवल्यामुळे मोघ्यांचा रोजचा 'शुभ सकाळ'चा गुलाब कुठल्याच ग्रुपवर पडला नाही, हा प्रसंग माझ्याकडून फार चांगला उतरला. त्यात अकरा ग्रुपांतल्या कोणीही चौकशी केली नाही. एकाने अंगठा दाखवला.

डॉईलसाहेब स्वतः हातमोजा घेऊन मांत्रिकाकडे गेले असले तरी त्यांचा होम्स असल्या कामात वाकबगार होता. म्हणून मी त्याच्या जुन्या केसेस चाळल्या. १८९१ सालच्या एका गोष्टीत मेरी सदरलँड नावाच्या मुलीचा नियोजित नवरा लग्नाला जाताना, चालत्या बग्गीतून गडप होतो. शेवटी निघतो कोण, तर तिचाच सावत्र बाप. तिचं वर्षाला १०० पौंडांचं उत्पन्न घरातच राहावं म्हणून हा गृहस्थ रंगीत चष्मा लावून, आवाज बारीक करून तिच्याशी प्रेम करत असतो.

"चष्मा लावला म्हणून बाप ओळखू आला नाही?" आई थक्क झाली.

"आजी, आपल्या सिनेमात गालावर तीळ लावला तरी ओळखत नाहीत," मुलीने इंग्लंडची बाजू सावरून घेतली.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या गोष्टीत नेव्हिल सेंट क्लेअर नावाचा सभ्य गृहस्थ रोज लंडनला कामाला म्हणून जायचा, तो एक दिवस नाहीसा होतो. होम्स रात्रभर गाद्या-उशांवर बसून औंसभर तंबाखू ओढतो, आणि पहाटे ओला स्पंज घेऊन तुरुंगात जातो. तिथे एका ओंगळ भिकाऱ्याचं तोंड खसाखसा पुसतो, तर आतून सेंट क्लेअर निघतात! रोज वेष पालटून भीक मागायची हेच त्यांचं काम. बायकोला पत्ता नाही.

"पण का?" बायकोने विचारलं.

"तो आधी पत्रकार होता. लेखासाठी म्हणून एकदा भिकाऱ्याचं सोंग घेतलं, आणि त्याच्या लक्षात आलं की लिहिण्यापेक्षा यात मिळकत कितीतरी जास्त."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गेल्या दिवाळीचं मानधन आलं का हो?"

होम्सलाही मी तिथेच रजा दिली.

शेवटचा उपाय म्हणून तळमजल्यावरच्या जमादारकाकांना वर बोलावलं. काका पोलिसांतून निवृत्त झाले, पण त्यांचं खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. खुर्चीत बसताना ते अजूनही आधी खुर्चीखाली बघतात. बेपत्ता माणसांच्या तक्रारी लिहून घेण्यात त्यांची बरीच वर्षं गेली होती.

"मिसिंग दाखल करायची ना? लिहा," काकांनी आज्ञा केली. "रंग?"

"गव्हाळ."

"बांधा?"

"मध्यम."

"उंची पाच-पाच, नाक सरळ, चेहरा गोल, केस काळेपांढरे, अंगात फिकट शर्ट, काळी पॅन्ट, पायात चपला, भाषा मराठी-हिंदी," काकांनी माझी वाट न बघता पुरं केलं. "हे वर्णन घेऊन संध्याकाळी डोंबिवली स्टेशनात उभा राहिलो तर एक गाडी भरून मोघे पकडून देतो. तुम्हाला कुठला हवा?"

"घरचे लोक काहीतरी खास खूण सांगतीलच की."

"घरचे?" काका इतके मोठ्याने हसले की मुलीने मोबाइल खाली ठेवला. "वहिनी, जरा पाठ फिरवा. ह्यांनी आत्ता अंगात काय घातलंय?"

"निळा, चौकटीचा शर्ट," बायको भिंतीकडे बघत तत्काळ म्हणाली.

निळा चौकटीचा शर्ट बोहारणीच्या गाठोड्यातून केव्हाच गेला होता. तो देऊन आलेलं पातेलं तिच्या पाठीमागे ओट्यावर होतं.

"मिशी?"

"आहे."

मिशी मी मुलगी बालवाडीत असताना काढली. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला उगीचच फरार झाल्यासारखं वाटलं. आता माझी पाळी. मला डोळे मिटायला लावून त्यांनी विचारलं, "वहिनींच्या अंगावर साडी कुठल्या रंगाची?"

मी ठणकावून सांगितलं, "हिरवी."

तिने पंजाबी ड्रेस घातला होता. त्यानंतर घरात जे वातावरण होतं त्याची नोंद घ्यायला पोलिसांच्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

काकांना मात्र यात नवल वाटलं नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणूस कुठे गेला हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो कसा दिसतो ते मात्र घरात कोणी सांगू शकत नाही. फोटो मागावा तर लग्नातला ग्रुप फोटो पुढे येतो, त्यात हवा असलेला इसम कोणाच्या तरी फेट्यामागे अर्धा असतो. आधारवरचा फोटो दिला तर कॉन्स्टेबल हरवलेला माणूस सोडून अट्टल गुन्हेगार शोधू लागतो.

"पेपरात जाहिरात तर देता येईल?" मी विचारलं. एके काळी दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' लागायचं, आणि पेपरातल्या त्या चौकटी तर आम्ही क्रिकेटच्या धावफलकाआधी वाचायचो : बाळ, असशील तिथून निघून ये, आईने अंथरूण धरलं आहे, कोणी रागावणार नाही. त्या भरवशावर परत आलेल्या किती बाळांनी नंतर मार खाल्ला याचा हिशेब काकांकडे असावा. ते काही बोलले नाहीत, नुसते मिशीत हसले. त्यांना मिशी आहे. ती माझ्या बायकोच्याही लक्षात आहे.

बायकोने तेवढ्यात मोघ्यांसाठी मजकूर तयार केला. "श्री. मोघे, असाल तिथून निघून या. कोणी रागावणार नाही. येताना अर्धा किलो बारीक रवा आणा. डबा विसरू नये."

काका जाता जाता कायदाही सांगून गेले. सात वर्षं ज्याची खबर, ज्यांना ती एरवी लागली असती अशा माणसांना लागलेली नाही, त्याला कायदा मेलेला धरतो. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १०८ होतं. मोघ्यांना निदान कायद्याने तरी नाहीसं करता येईल म्हणून मी वहीत लिहून घेऊ लागलो, तर आई म्हणाली, "सात वर्षं सोसायटीचं मेन्टेनन्स कोण भरणार?" बरोबर. तिसऱ्या महिन्यात मोघे थकबाकीदारांच्या यादीत, सहाव्या महिन्यात जिन्याखालच्या फळ्यावर लाल खडूने. आमच्या सेक्रेटरींनी दुबईला गेलेल्या भाडेकरूकडून पाण्याचे जास्तीचे ८५ रुपये वसूल केले आहेत. त्यांच्यापुढे मोघे किती टिकणार?

शेवटी मी मोघ्यांचा नाद सोडला. ते सध्या घरी आहेत, डबा घेऊन जातात, डबा घेऊन येतात. पण कादंबरी द्यायची तारीख जवळ येत चालली आणि कोणीतरी बेपत्ता व्हायलाच हवं होतं. तेव्हा पुन्हा कागद उलटेपालटे करताना बायकोच लक्षात आणून देती झाली.

"तुमचा तो पाइपवाला कुठे आहे?"

"धुरंधर? अकराव्या पानावर धुक्यात शिरला."

"आणि?"

मी पानं उलटून पाहिली. धुरंधर अकराव्या पानावर धुक्यात शिरला होता, तो बाहेर आलाच नव्हता. पुढे सतरा पानं मोघ्यांची बहीण, मोघ्यांचा डबा, मोघ्यांचा मेहुणा यांत गेली आणि धुरंधरची आठवण कोणालाही, म्हणजे मलाही, झाली नाही. आणि व्हावी तरी का? त्याला डबा देणारं कोणी नाही. लोकलमध्ये त्याची जागा धरणारा ग्रुप नाही. त्याला मेहुणा नाही, मोठी आत्या नाही, भिशी नाही, सोसायटी नाही. 'धुरंधर' हे नाव आहे की आडनाव तेही मी ठरवलं नव्हतं. बंगालातल्या शरदिंदू बंदोपाध्यायांनी ब्योमकेशला सत्यवतीशी लग्न लावून वेळीच मार्गी लावलं, सत्यजित रायांनी फेलूदाच्या बरोबर चुलतभाऊ तोपशे दिला. त्यांना धंद्यातले धोके ठाऊक होते. आमच्या धुरंधराला मी पाइपापलीकडे काही दिलं नाही. डोंबिवलीत हरवू शकेल असा तो एकटाच माणूस निघाला.

संपादकांना नवं कथानक कळवलं. ते खूश. मसालेवालेही खूश. आता अडचण एवढीच आहे की धुरंधराला शोधायला कोणी निघत नाही. मोघ्यांच्या डब्यातला ग्रुप म्हणतो, आमचा नाही. मावशी म्हणतात, त्या घरी मी काम करत नाही. जमादारकाका म्हणतात, तक्रार द्यायला नातेवाईक आणा.

तरी वाचकांना विनंती आहे की आपल्या घरात एखादी जास्तीची आत्या, मावशी किंवा चौकस शेजारीण असेल, तर ती पंधरा-वीस पानांपुरती पाठवावी. जाण्यायेण्याचं भाडं देऊ. कुळी, गोत्र, माहेर विचारण्याची सवय असावी. वाचनाची आवड असलीच पाहिजे असं नाही.